अलंकार, पात्र आणि पालथी वाटी

तिबेटी धातुपात्रांविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले-बोलले जाते त्यात दोन शब्द हमखास येतात: 'शोभेची' आणि 'गूढ'. तांब्याच्या चहाच्या भांड्यावर चांदीचे पट्टे असले की ते शोभेचे. पितळी कलशाच्या तोंडात मोरपीस खोचलेले असले की तो गूढ. पहिला शब्द भांड्याला दिवाणखान्यातल्या कपाटात नेऊन ठेवतो, दुसरा धुक्यात. दोन्ही ठिकाणी भांडे रिकामेच राहते. आमचा आक्षेप या रिकामेपणावर आहे. तो केवळ कलावस्तूंच्या अभ्यासकांनी ऐकावा असाही नाही. ज्या समजुतीमुळे हे भांडे रिकामे झाले, तीच समजूत 'अलंकार' या शब्दाबरोबर आपल्याकडील साहित्याच्या वर्गांतून पिढ्यानपिढ्या वाटली जात आहे. म्हणून हा वाद साहित्याच्या विद्यार्थ्यांचा आणि शिक्षकांचाही आहे.

आरंभ एका साध्या वस्तूपासून करू. तिबेटी घरातल्या देवघरात किंवा गोंपामध्ये मूर्तीपुढे सात वाट्यांची ओळ असते. त्या तांब्याच्या, पितळेच्या, ऐपत असेल तर चांदीच्या असतात. काठावर कोरीव वेलबुट्टी, पोटावर अष्टमंगल चिन्हे. सकाळी त्यांत डावीकडून उजवीकडे पाणी भरायचे. दोन वाट्यांमध्ये अंतर जवाच्या दाण्याएवढे; पाण्याची पातळीही काठापासून जवाच्या दाण्याएवढी खाली. सायंकाळी उलट क्रमाने त्या रित्या करायच्या, पुसायच्या आणि पालथ्या ठेवायच्या. रिकामी वाटी उघड्या तोंडाने ठेवणे अशुभ. या सात वाट्या म्हणजे आलेल्या थोर पाहुण्याचे स्वागत होय: पिण्याचे पाणी, पाय धुण्याचे पाणी, फूल, धूप, दीप, गंध, नैवेद्य. ज्याच्या घरी पूजेत अर्घ्य-पाद्य म्हटले जाते त्या मराठी वाचकाला यात गूढ असे काहीही वाटू नये.

आता हीच वाटी वस्तुसंग्रहालयात पाहा. ती काचेमागे आहे, उघड्या तोंडाने आहे आणि रिकामी आहे. जिथे ती घडली तिथल्या रीतीप्रमाणे जी एकच स्थिती निषिद्ध, नेमक्या त्याच स्थितीत ती कायमची ठेवलेली आहे. खाली चिठ्ठी: 'पूजापात्र, तिबेट, एकोणिसावे शतक'. या चिठ्ठीत खोटे काही नाही, पण वाटी भरली जाते, रिती होते, पालथी पडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरली जाते, ही तिची सारी क्रिया चिठ्ठीतून गळून पडली आहे. उरते ती कोरीव वेलबुट्टी. मग त्या वेलबुट्टीलाच वस्तूचे सार मानून 'शोभा' हा शब्द वापरला जातो. म्हणजे आधी क्रिया काढून टाकायची, आणि मग जे उरले त्याला शोभा म्हणायचे, असा हा क्रम आहे.

या क्रमाचा उगम आपल्या परिचयाचा आहे. संस्कृत काव्यशास्त्रात अलंकाराविषयी दोन भूमिका शेजारी नांदत आल्या. दंडीच्या मते अलंकार म्हणजे काव्याला शोभा आणणारे त्याचे धर्म. धर्म वस्तूपासून उतरवून ठेवता येत नाही. मम्मटाने मात्र अलंकारांना गळ्यातल्या हारासारखे मानले आणि अलंकाराविना काव्य क्वचित असू शकते असेही मान्य केले. हार काढून ठेवता येतो. मम्मटाच्या विवेचनात या दृष्टान्ताला सूक्ष्म संदर्भ आहे, तो रसविचाराचा. पण पाठ्यपुस्तकांतून तो संदर्भ सुटला आणि हार तेवढा उरला. 'उपमा ओळखा, रूपक ओळखा' हा प्रश्न त्या हाराचाच. विद्यार्थी ओळीतून अलंकार उचलून दाखवतो, गुण घेतो, आणि ओळ काय करत होती हे विचारायचे राहून जाते. प्रश्नपत्रिकेतली ओळ आणि काचेमागची वाटी या दोघींची अवस्था एकच आहे.

वस्तुतः 'अलंकार' या शब्दाचा मूळ अर्थच या हाराच्या कल्पनेला नकार देतो. 'अलम्' म्हणजे पुरेसे. अलंकृत करणे म्हणजे पुरेसे करणे, कार्यास सिद्ध करणे. ऋग्वेदात सोमरसाला 'अरंकृत' म्हटले आहे. तिथे अर्थ 'सजवलेला' नव्हे, तर 'सिद्ध केलेला, देवापुढे ठेवण्याजोगा झालेला'. आनंद कुमारस्वामी यांनी १९३९ साली अलंकरणावरील आपल्या निबंधात हाच मुद्दा अनेक भाषांतील शब्दांच्या आधारे मांडला: आज ज्यांना आपण सजावटीचे शब्द मानतो, ते मूळचे वस्तूला तिच्या कामासाठी पूर्ण करण्याचे शब्द आहेत. ज्या वस्तूत अलंकार 'वरून लावला' आहे असे वाटते, तिथे बहुधा आपल्यालाच ते काम ठाऊक नसते.

तिबेटशी या चर्चेचा संबंध आम्ही ओढूनताणून जोडत आहोत असे कोणाला वाटेल, म्हणून इतिहासाकडे वळू. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य तिबेटातील साक्य हे सत्तेचे आणि विद्येचे केंद्र होते. तिथला धर्मप्रमुख फग्पा (१२३५–१२८०) हा कुब्लाई खानाचा गुरू. १२६० मध्ये साक्य येथे सुवर्णस्तूप उभारण्यासाठी नेपाळच्या खोऱ्यातून ऐंशी नेवार कारागीर बोलावले गेले. त्यांचा प्रमुख अर्निको हा तेव्हा विशीतही पोचलेला नव्हता. पुढे फग्पाने त्याला कुब्लाईच्या दरबारी नेले, आणि बीजिंगमधला १२७९ मध्ये पूर्ण झालेला पांढरा स्तूप आजही त्याच्या नावे सांगितला जातो. याच काळात, याच साक्य परंपरेत आणि याच फग्पाच्या आश्रयाने शोंग्तोन दोर्जे ग्यालत्सेन याने पंडित लक्ष्मीकराच्या साहाय्याने दंडीचा 'काव्यादर्श' तिबेटी भाषेत आणला. त्यातल्या पस्तीस अर्थालंकारांचा अभ्यास हा त्यानंतर शतकानुशतके तिबेटी विद्वत्तेचा भाग राहिला. अलंकारासाठी तिबेटी शब्द 'ग्येन'. तोच शब्द दागिन्याला, तोच काव्यातल्या उपमेला, आणि मैत्रेयाच्या नावावर असलेल्या 'अभिसमयालंकार' या ग्रंथाच्या नावातही तोच. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाला 'अलंकार' म्हणणाऱ्या संस्कृतीत अलंकार म्हणजे वरचा हार असता, तर हे नाव निरर्थक ठरले असते. एकाच दारातून तिबेटात घडाईचे हातही आले आणि अलंकारशास्त्रही आले. म्हणून या पात्रांकडे पाहताना दंडीचा चष्मा आम्ही बाहेरून आणलेला नाही.

तो चष्मा लावून चहाचे भांडे पाहावे. तिबेटी चहा मीठ आणि लोणी घालून 'दोंगमो' या उभ्या लाकडी घुसळणीत घुसळतात, भांड्यात ओततात आणि ते मंद निखाऱ्यावर ठेवतात. भांडे जड, पोटाळ. भरल्यावर अधिकच जड. त्याचे दोन सांधे सर्वाधिक ताण सोसतात: नळी पोटाला जिथे जोडली जाते तो, आणि मूठ जिथे बसते तो. नेमक्या याच दोन जागी कारागीर आपली सर्वांत दाट घडाई करतो. नळी मकराच्या जबड्यातून बाहेर येते. मूठ पुष्कळदा ड्रॅगनची असते. गळ्याभोवती आणि पोटाच्या मध्यावर चांदीचे किंवा पितळेचे पट्टे येतात. मकराचे मुखच का, याचे उत्तर प्रतीकांच्या कोशात मिळेलच: तो जलचर, पाण्याचा स्वामी, मंदिरांच्या पन्हाळींवर तोच बसतो. पण त्याचे डोके रुंद आणि जबडा उघडा असल्यामुळे सांध्याभोवती धातूची जाड कॉलर बसते, हेही तितकेच खरे. या भांड्यावरून मकर 'उतरवून' दाखवा असे आम्ही हारवाद्यांना आव्हान देतो. तो उतरला की चहा जमिनीवर सांडेल.

लोण्याच्या दिव्याचेही तसेच. उंच दांड्याचा, कमळाच्या पाकळ्यांच्या बैठकीचा तो चषक. पोटाच्या तळाशी मध्यभागी एक बारीक छिद्र, त्यात कापसाची वात उभी राहते. पाकळ्यांची बैठक रुंद असते, कारण वितळलेल्या लोण्याने भरलेला उंच दिवा कलंडू नये. 'बुम्पा' म्हणजे आपला कुंभ, आपला कलश. त्यात केशराचे पाणी, तोंडाशी कुश आणि मोरपीस. त्या पिसांनी पाणी शिंपडायचे. पिसे शिंपडण्यासाठी आहेत. त्यांना 'गूढ सजावट' म्हणणारा मनुष्य उद्या आपल्या कलशावरच्या आंब्याच्या डहाळीलाही गूढ म्हणेल.

इथे दुसऱ्या प्रकारचे वाचक पुढे येतात. ते म्हणतात, आम्ही शोभा म्हणत नाही, आम्ही अर्थ वाचतो. त्यांच्या हाती एक कोष्टक असते: छत्र म्हणजे रक्षण, मत्स्ययुग्म म्हणजे निर्भयता, शंख म्हणजे उपदेशाचा ध्वनी, अनंतग्रंथी म्हणजे करुणा आणि प्रज्ञा यांचे ऐक्य, आणि असेच पुढे आठपर्यंत. हे अर्थ चुकीचे नाहीत. परंतु घरच्या चहाच्या भांड्यावर अष्टमंगल कोरणारा माणूस प्रत्येक घोटाबरोबर तत्त्वज्ञान पाजत नसतो. तो म्हणत असतो 'कल्याण असो', जसे आपल्या दारावरचे 'शुभ लाभ' म्हणते. प्रतीकांचे कोष्टक भांड्यावरून नजर उचलून दुसरीकडे नेते. भांडे हे केवळ अर्थाचे वाहन उरते आणि अर्थ सापडला की ते फेकून द्यायला हरकत नसते. कवितेतल्या प्रत्येक पक्ष्याला आत्मा आणि प्रत्येक वाटेला जीवन ठरवणारी जी समीक्षा आपल्याकडे फोफावली, तिचे हे धातूतले भावंड आहे. शोभावादी वाचक भांड्याच्या कातडीवर थांबतो, प्रतीकवादी त्याच्या आरपार जातो; भांड्यात काय आहे हे दोघेही पाहत नाहीत.

शिवाय या गूढवादाला इतिहास मान्य नसतो. त्याला तिबेट म्हणजे केवळ मठ हवा असतो. पण तिबेटी धातुपात्रांचा सर्वांत जुना नोंदलेला वैभवकाळ मद्याच्या भांड्यांचा आहे. ६४६ साली सम्राट सोंगत्सेन गाम्पोने आपला मंत्री गार तोंगत्सेन याच्या हाती थांग सम्राटाकडे सोन्याचा एक हंस पाठवला. चिनी इतिहासग्रंथाच्या नोंदीप्रमाणे तो सात चिनी फूट उंच होता आणि त्याच्या पोटात मद्य भरता येत असे. ल्हासाच्या जोखांग मंदिरात चांदीची जुनी सुरई आहे. तिच्या लांब गळ्याच्या टोकाशी प्राण्याचे मुख आहे आणि पोटावर पाठीमागे वीणा धरून नाचणारे पुरुष व झिंगलेला, दोघांनी सावरून धरलेला एक माणूस. तिची शैली मध्य आशियाची, सोग्दियन वळणाची आहे. म्हणजे तिबेटातल्या सर्वांत पवित्र मंदिरातली एक सर्वांत प्रसिद्ध सुरई झिंगलेल्या माणसाचे चित्र अंगावर वागवते, आणि त्या मंदिराला त्याचा संकोच वाटत नाही. संकोच वाटतो तो आपल्याला हव्या असलेल्या तिबेटाला.

तिसरा मार्ग बाजाराचा, आणि तो सर्वांत निर्लज्ज आहे. 'तिबेटी चांदी' या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा वस्तूंत चांदी नाममात्र असते किंवा मुळीच नसते. तांबे, निकेल, कथील, जस्त यांची ती मिश्रणे असतात. 'तिबेटी सिंगिंग बाऊल' तर त्याहून मोठी करामत. सात ग्रहांचे सात धातू त्यात ओतलेले असतात, असे विक्रेता सांगतो. प्रत्यक्षात या वाट्या बहुतांशी कांशाच्या असतात: सुमारे तीन-चतुर्थांशाहून थोडे अधिक तांबे, उरलेले कथील. त्यांची घडाई मोठ्या प्रमाणावर नेपाळात होते. 'तिबेटन बेल्स' ही १९७२ सालची अमेरिकी ध्वनिमुद्रिका निघाल्यानंतर त्यांना पश्चिमेत प्राचीन तिबेटी ध्वनिसाधनेचे वलय मिळाले. हेच वलय आता पुण्या-मुंबईतल्या ध्वनिउपचाराच्या शिबिरांत पोचले आहे. यातला विनोद मराठी माणसाने तरी ओळखावा. काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची रीत आपल्या घराघरांत होती. तीच मिश्रधातूची वाटी आज आपण परक्या नावाने, परक्या गूढतेसह, कितीतरी पट किमतीला विकत घेतो, आणि तिच्यातून तिबेट ऐकू येतो म्हणतो. तिबेट ऐकायचा असेल तर तो आपल्याच राज्यात आहे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग ही निर्वासित तिबेट्यांची वसाहत १९७२ पासून नांदते आहे. हिवाळ्यात आपल्या शहरांच्या पदपथांवर स्वेटर विकणाऱ्यांशी आपण घासाघीस करतो. वाटीच्या दुकानात मात्र मान तुकवतो.

या तिन्ही मार्गांवर ज्याचा पत्ता लागत नाही तो म्हणजे घडवणारा. त्याचे काम कोणी सांगत नाही म्हणून आम्ही सांगतो. धातूचा पत्रा तापवून मऊ करायचा, राळेच्या गादीवर पालथा बसवायचा, मागून ठोकून उठाव काढायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा ठोकायचा, मग उलटून समोरून बारीक छिन्नीने रेषा आणायच्या. पुण्याच्या तांबट आळीतल्या मठारकामाचे आवाज ज्यांनी ऐकले आहेत त्यांना या कष्टाचा अंदाज येईल. मुलाम्यासाठी सोने पाऱ्यात कालवून लावायचे आणि आचेवर पारा उडवून द्यायचा. सोने भांड्यावर राहते, पाऱ्याची वाफ कारागिराच्या छातीत जाते. आणि या माणसाचे समाजातले स्थान? तिबेटात आणि लडाखमध्ये लोहार, 'गरा', हा खाटकासारखाच हीन गणला गेला. अहिंसा सांगणाऱ्या धर्माच्या छायेत शस्त्र घडवणारा हात अपवित्र ठरला, पण त्या हाताची अवजारे सर्वांनी वापरली. लडाखमधील 'गरा' समाजाचे नाव १९८९ च्या अनुसूचित जमातींच्या आदेशात स्वतंत्रपणे आहे, ते उगाच नव्हे. ज्या वाचकाने दलित साहित्य वाचले आहे त्याने तरी तिबेटी धातुकामाकडे पाहताना केवळ करुणेचे तत्त्वज्ञान पाहून परतू नये.

अलंकार म्हणजे 'पुरेसे करणे' असे म्हणताना हेही कबूल केले पाहिजे की पुष्कळदा तो प्रतिष्ठेला पुरेसा करतो. ल्हासाच्या सरदारघराण्यात चहाचा पेला चांदीच्या बैठकीवर, चांदीच्या झाकणाखाली येई. साध्या माणसाच्या झग्यातून निघे तो लाकडी पेला. कोणाच्या हातात काय येते यावरून कोण कुठे बसणार हे ठरे. त्या चांदीमागे जमीनदारीचा आणि सक्तीच्या श्रमाचा हिशेब होता. हेही त्या भांड्याचे कामच. शोभेची भाषा नेमके हेच झाकते: 'नाजूक नक्षी' म्हटले की नक्षी कोणाच्या घामावर उभी आहे हा प्रश्न असभ्य वाटू लागतो.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. संग्रहालयांनी जपले म्हणून निदान हे उरले, असे म्हटले जाते. १९५९ नंतर आणि विशेषतः १९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तिबेटातले मठ उद्ध्वस्त झाले. धातूच्या मूर्ती आणि पात्रे मोडून, वजन करून, वितळवण्यासाठी चीनमधील भट्ट्यांकडे रवाना झाली; १९८० च्या दशकात वाचलेल्यांपैकी काही भाग परत आला. ही वस्तुस्थिती आम्ही नाकारत नाही. वितळण्यापेक्षा काच बरी, हेही निर्विवाद. परंतु काचेमागचे सारेच काही वाचवलेले नाही. १९०३–०४ मध्ये यंगहजबंडच्या ब्रिटिश फौजेबरोबर वॅडेल हा अधिकृत संग्राहक म्हणून ल्हासापर्यंत गेला होता. संग्रहालयांची भर अशीही झाली. आणि भट्टीवाल्याने भांड्याकडे वजन म्हणून पाहिले, चिठ्ठीवाल्याने शैली म्हणून. दोघांनीही 'यात काय भरत होते' हा प्रश्न केला नाही. वाचवण्याचे श्रेय घेणाऱ्यावर तो प्रश्न करण्याची जबाबदारी अधिक येते, कमी नव्हे.

परंपरा काचेबाहेरही जिवंत आहे, हे सांगण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. लेहजवळच्या चिलिंग गावातील धातुकार आपले मूळ त्या नेवार कारागिरांशी जोडतात ज्यांना सतराव्या शतकात शे येथील बुद्धमूर्तीसाठी आणले गेले. तिथे आजही चहाची आणि छांगची भांडी, पळ्या घडतात. धरमशालेजवळ १९८८ मध्ये स्थापन झालेल्या नोर्बुलिंगका संस्थेत निर्वासित तरुण पत्रा ठोकून मूर्ती घडवायला शिकतात. दिव्यात लोण्याऐवजी पुष्कळदा वनस्पती तूप जळते. शुद्धतावाद्यांना ते खटकते, आम्हाला नाही. दिवा जळतो आहे, हे पुरे.

म्हणून साहित्याच्या शिक्षकांकडे आमचे मागणे माफक आहे. अलंकार शिकवताना 'ओळखा' हे क्रियापद काही काळ बाजूला ठेवावे. ओळीतली उपमा कोणता सांधा धरून आहे, ती काढली तर काय सांडते, ओळ कोणाच्या हातून कोणाच्या हातात जात होती, हे विचारावे. तिबेटी पात्राचे चित्र वर्गात दाखवलेच, तर त्यात काय भरत असत आणि ते कोणी ठोकले, एवढे तरी सांगावे. आणि जिथे हे सांगता येत नाही, तिथे त्या पात्राला शोभेचे किंवा गूढ म्हणण्यापेक्षा तिबेटी गृहिणी सायंकाळी करते ते करावे: रिकामी वाटी निमूटपणे पालथी ठेवावी.